आजीचं गाणं नेमकं कोणतं?

संध्याकाळचे पाच वाजत आले की आमच्या घरात सगळ्यांचे कान आजीच्या खोलीकडे लागतात. त्याच सुमारास ती पलंगावरून उठते, कपाटातली कापडी पिशवी काढते, तिच्यात एक रुमाल, चष्म्याचं रिकामं घर आणि एखादे वेळी टीव्हीचा रिमोट भरते आणि दाराशी येऊन उभी राहते.

“मला घरी जायचंय.”

सुरुवातीला मी म्हणायचे, “आजी, हे आपलंच घर आहे ना!” त्यावर ती माझ्याकडे अशी बघायची, की जणू कुणी अनोळखी मुलगी तिला फसवते आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या याच घरात ती १९६३ साली लग्न होऊन आली. इथेच बाबांचा आणि आत्याचा जन्म झाला. इथूनच आजोबांना दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. आणि आता रोज संध्याकाळी तिला इथून निघून ‘घरी’ जायचं असतं.

डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान केलं. दिवस कलला की अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण दाराला आतून कुलूप लावून सासूची समजूत काढताना आईच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्याची तयारी कुणी करून देत नाही.

कुणीतरी सुचवलं, “त्यांना संगीत ऐकवा.” आम्हालाही पटलं. आजी चाळीस वर्षं भजनी मंडळात जात होती, संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणत होती. त्यामुळे तिला काय ऐकवायचं, हा प्रश्नच नव्हता. बाबांनी फोनवर अभंगांची यादी केली आणि रोज साडेचारला लावायला सुरुवात केली. आठवडाभरातच लक्षात आलं, की अभंग सुरू झाले की आजी जास्तच बेचैन होते. उठते, बसते, पदराचं टोक पिळत राहते. एकदा तर स्पष्टच म्हणाली, “बंद करा ते.” संगीताचा आजीला काही उपयोग नाही, असं आम्ही ठरवून टाकलं.

आमचं कुठे चुकलं, ते कळायला नवरात्र यावं लागलं.

टाळीचा आवाज

नवरात्रात बडोद्यात नऊ रात्री गरब्याशिवाय दुसरा विषय नसतो. मोठमोठ्या मैदानांवर हजारो लोक फेर धरतात. पण त्या रात्री आवाज आला तो मैदानातून नव्हे, आमच्या मागच्या गल्लीतून. तिथल्या बायकांनी लाउडस्पीकर न लावता जुन्या पद्धतीचा गरबा करायचं ठरवलं होतं. एकीनं ओळ गायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि सगळ्यांनी मिळून टाळी द्यायची.

मी आजीच्या पायांना तेल लावत होते. तिची पावलं हलली. मग तिनं दोन्ही हात समोर आणले आणि टाळ्या वाजवू लागली, बाहेरच्या टाळीशी अगदी बरोबर. थोड्या वेळानं बाहेरून ओळ आली तशी ती उचलून आजी गुजरातीत गाऊ लागली. काही शब्द नीट होते, काही ठिकाणी नुसतेच सूर. गेले कितीतरी महिने तिच्या तोंडून एक सलग वाक्य आलं नव्हतं. मी आईला हाक मारली. आई कणकेच्या हातांनीच आली आणि दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सुरतेला मावशीआजीला फोन केला. ती आजीची धाकटी बहीण. ती हसायलाच लागली. “अगं, ताईला गरब्याचं वेड होतं! आमच्या पोळमध्ये मराठी घर आमचं एकटंच. अण्णांना ते पसंत नव्हतं. ताई मागच्या दारानं निघून जायची. पुढे पुढे तर तीच गायची आणि बाकीच्या तिच्यामागून झीलायच्या. लग्न झालं आणि सगळं थांबलं. तुझ्या पणजीला असलं खपायचं नाही.”

पोळ म्हणजे जुन्या शहरातली अरुंद गल्ली, भिंतीला भिंत लागून असलेली घरं आणि रात्री बंद होणारा एकच दरवाजा. आजीचं माहेर मांडवीजवळच्या अशाच एका पोळमधलं.

“आणि भजनी मंडळ?” मी विचारलं.

“ते सासूबाईंची सोबत म्हणून गं. नंतर आवडलंही असेल. पण विचारलं कुणी तिला?”

साठ वर्षं आजी आमच्या घरात आहे. तिच्या हातची आमटी, तिचा राग, तिचे उपास, सगळं आम्हाला पाठ. तिचं गाणं कोणतं, हे मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

एवढं विसरूनही गाणं कसं राहतं?

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा एकच आजार नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतून दिसणारा तो लक्षणांचा समूह आहे. त्यात अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तो असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या दर १०० माणसांपैकी सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात पहिल्या दोन-तीन रांगांवर नजर टाकली, तरी हा आजार आपल्यापासून फार लांब नाही हे कळेल.

अल्झायमरचा पहिला मोठा घाला सहसा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर पडतो. नव्या आठवणी तयार करण्याचं काम मुख्यतः त्याचं. म्हणून सकाळी काय खाल्लं, हे दुपारी आठवत नाही. पण गाणं मेंदूत एकाच ठिकाणी ठेवलेलं नसतं. सूर ओळखणारा भाग वेगळा, लय धरून हातपाय हलवणारा वेगळा, ऐकताना काळीज हलतं तो भाग आणखी वेगळा. शिवाय वर्षानुवर्षं केलेल्या कृतींची एक निराळी स्मृती असते. सायकल चालवणं, पोळी लाटणं, वेणी घालणं हे ज्या स्मृतीत राहतं, तिथेच टाळी आणि फेरही राहतात. विचारून त्या आठवत नाहीत, पण लय मिळाली की हात आपोआप चालू लागतात.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या लाइप्झिग इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी या बाबतीत एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी त्यांनी निरोगी तरुणांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन पाहिलं, की फार दिवसांपासून ओळखीचं असलेलं संगीत ऐकताना मेंदूचे कोणते भाग काम करतात. मग तेच भाग त्यांनी अल्झायमरच्या रुग्णांमध्ये तपासले. बाकीचा मेंदू आकसत असताना हे भाग तुलनेनं बरेच शाबूत होते. आजार तिथे पोचतच नाही, असा याचा अर्थ नाही. तो तिथे उशिरा पोचतो. आपल्या हातात असतो तो हा मधला काळ.

याची उदाहरणं जगानं पाहिली आहेत. अमेरिकन गायक टोनी बेनेट यांना २०१६ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, लेडी गागाबरोबर न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ते गायले. इंग्लंडमधले पॉल हार्वी हे संगीतकार आणि निवृत्त संगीतशिक्षक. त्यांना स्मृतिभ्रंश होता. २०२० मध्ये त्यांच्या मुलानं त्यांना चार सूर सांगितले आणि त्यांनी पियानोवर तिथल्या तिथे एक रचना उभी केली. मुलानं काढलेला तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि पुढे बीबीसी फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं ती रचना ध्वनिमुद्रित केली.

ही माणसं जन्मभर संगीतात होती, हे खरं. आमची आजी तशी नव्हती. पण पोळमधल्या चौकात कितीतरी नवरात्रं तिनं जे केलं, तेही तिच्या मेंदूनं तितकंच जपून ठेवलं होतं.

चमत्कार नव्हे, मदत

२०१४ साली ‘अलाइव्ह इनसाइड’ नावाचा एक अमेरिकन माहितीपट आला. त्यात वृद्धाश्रमात मान खाली घालून बसलेल्या एका आजोबांना हेडफोन लावून त्यांच्या आवडीची गाणी ऐकवतात. त्यांचे डोळे मोठे होतात, ते डोलू लागतात आणि चक्क गप्पा मारू लागतात. ते दृश्य पाहून डोळ्यांत पाणी येतं आणि एक अपेक्षाही तयार होते, की आपली आजीही अशीच ‘परत येईल’.

ती परत येत नाही, हे आधी स्वीकारायला हवं. त्या रात्री गाऊन झाल्यावर आजीनं मला विचारलं, “तू कुणाची गं?” संगीतानं तिची स्मृती परत आणली नव्हती. पण विचारताना तिचा आवाज घाबरलेला नव्हता. एरवी तो तसा असतो.

संशोधनाचं म्हणणंही साधारण असंच आहे. वैद्यकीय पुरावे काटेकोरपणे तपासणारी कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. स्मृतिभ्रंश आणि संगीतोपचार यांवरच्या ३० अभ्यासांचा तिनं घेतलेला आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार संगीतोपचारानं नैराश्याची लक्षणं बहुधा कमी होतात आणि एकूण वागण्यातल्या अडचणींमध्येही थोडा फरक पडू शकतो. स्मरणशक्ती आणि आकलन यांत मात्र विशेष सुधारणा दिसत नाही. उपचार थांबल्यावर परिणाम किती टिकतो, याचाही ठोस पुरावा नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, एवढंच? घरात असा रुग्ण असेल तर ते ‘एवढंच’ वाटत नाही. संध्याकाळचा एक तास रडारडीशिवाय जाणं म्हणजे काय, ते त्या घरालाच कळतं. शिवाय अस्वस्थ वृद्धांना शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांना दुष्परिणाम असतात. गुंगी येते, तोल जातो, माणूस पडतो. मनोविकारांवरची काही औषधं स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला होता. कधी कधी औषधं लागतातच आणि ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत. पण त्याआधी आणि त्यासोबत करून पाहण्यासारखं काही असेल, तर ते नीट करायला हवं.

अमुक रागानं स्मृती परत येते, तमुक रागानं मेंदू शुद्ध होतो, असे संदेशही फोनवर फिरत असतात. त्यांच्या मागे लागू नका. इथे रागापेक्षा ओळख मोठी आहे. जे गाणं त्या माणसाच्या आयुष्यात होतं, तेच काम करतं.

दहा ते तीस वर्षांचा हिशोब

मग ते गाणं शोधायचं कसं? यासाठी एक सोपा हिशोब आहे. माणसाला आयुष्यातल्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी सर्वांत ठळकपणे राहतात, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलं आहे. शाळा, पहिली मैत्री, लग्न, पहिलं मूल, सगळं याच काळातलं. त्या वयात कानावर पडलेली गाणीही तशीच पक्की बसतात.

आमची आजी १९४२ ची. म्हणजे तिची वर्षं १९५२ ते १९७२. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली १९५२ मध्ये, विविध भारती १९५७ मध्ये. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं १ एप्रिल १९५५ रोजी, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ‘नागिन’ची बीन १९५४ ची, ‘मुघल-ए-आझम’ १९६० चा. आणि गुजरातमध्ये त्याच काळात संगीतकार अविनाश व्यास यांचे गरबे घरोघरी पोचत होते.

आता ज्या काकूंचा जन्म १९५५ चा, त्यांचा हिशोब पाहा. त्यांची वर्षं १९६५ ते १९८५. म्हणजे ‘आराधना’ (१९६९), ‘पिंजरा’ (१९७२), ‘बॉबी’ (१९७३). त्यांना आपण ‘जुनी गाणी’ म्हणून सैगल ऐकवतो, तेव्हा ती त्यांची नाही, त्यांच्या वडिलांची गाणी असतात. तरुणांना सगळं जुनं एकाच रंगाचं दिसतं, म्हणून ही चूक आपल्या पिढीकडून फार होते.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरांना विशेष लागू आहे. घरी मराठी बोलायचं, मंडळात मराठी कार्यक्रम करायचे, मुलांना मराठी शिकवायची, हे आपण निष्ठेनं करतो. त्यामुळे आजी-आजोबांची आठवणही मराठीतच असणार, असं गृहीत धरतो. पण आपल्या शेजारच्या भाषाही त्यांच्या बालपणात होत्या. धारवाडला वाढलेल्या आणि लग्न होऊन बेळगावला आलेल्या आजीला दासांची कानडी पदं आठवत असतील. हैदराबादच्या जुन्या शहरात वाढलेल्या आजीच्या कानात शेजारच्या लग्नातली दखनी ढोलकगीतं असतील. इंदूरच्या आजोबांना माळवी लग्नगीतं, गोव्याच्या आजीला धालो. आमच्या आजीला गरबा. तिनं गुजरातीत गायल्यावर बाबा क्षणभर खट्टू झाले होते, हे मी इथे सांगून टाकते. “इतकी वर्षं अभंग म्हणाली आणि आठवलं काय, तर हे!” पण जे उरलंय ते तिचं आहे. ते आपल्याला हवं तसं असेलच, असं नाही.

आमच्या चुका

गरब्याचा शोध लागल्यावर आम्ही उत्साहानं कामाला लागलो आणि एकामागून एक चुका केल्या.

पहिली चूक: मी फोनवर हल्लीचे, डीजेवर वाजतात ते गरबे लावले. ठेका इतका जलद आणि ढोल इतका मोठा, की आजीनं कानांवर हात घेतले. तिचा गरबा संथ होता आणि बिनवाद्याचा होता.

दुसरी चूक: माहितीपटातलं पाहून हेडफोन आणले. कानात कुणी शिरलंय असं वाटून तिनं ते ओढून फेकले. काहींना हेडफोन चालतात, हिला नाही चालले.

तिसरी चूक: ज्या अ‍ॅपवर गाणी लावत होतो, त्यात मध्येच कर्कश जाहिरात आली. आजी दचकली आणि पुढचा अर्धा तास ‘कोण आलंय, कोण आलंय’ करत राहिली. तेव्हापासून गाणी आधी उतरवून घेतो आणि इंटरनेट बंद करून वाजवतो.

चौथी चूक: बरं वाटतंय म्हणून दिवसभर लावून ठेवलं. दोन दिवसांत तिचं लक्षच जाईनासं झालं. नुसता घरातला आणखी एक आवाज.

आणि अभंगांचं काय, तेही हळूहळू उलगडलं. आजोबांच्या शेवटच्या महिन्यात दवाखान्यात त्यांच्या उशाशी बाबा फोनवर अभंग लावून ठेवायचे. आजी तिथेच स्टुलावर बसलेली असायची. कदाचित तिच्या मनात ते अभंग आता त्या खोलीला जोडलेले असतील. खात्रीनं सांगता येत नाही, कारण ती सांगू शकत नाही. पण गाण्याबरोबर त्या वेळचं दुःखही परत येतं, हे मात्र आम्ही शिकलो. डोळ्यांत थोडं पाणी आलं, तर हरकत नाही. हात धरून बसावं. रडू थांबेना, श्वास जलद झाला, हात झटकू लागली, तर ते गाणं यादीतून काढून टाकायचं. ते कितीही पवित्र असलं, तरी.

शेवटी मार्ग काढला तो मावशीआजीनं. तिनं सुरतेहून व्हॉइस मेसेज पाठवला. थरथरत्या आवाजात, मध्ये मध्ये खोकत, स्वतः टाळ्या वाजवत गायलेला गरबा, साडेतीन मिनिटांचा. लयही तीच, आवाजही बहिणीचा. आजी फोन हातात घेऊन ऐकते आणि पुढची ओळ झीलते. घरातल्या कुठल्याही चांगल्या रेकॉर्डिंगपेक्षा तो खोकणारा मेसेज जास्त चालतो.

घरी करून पाहायचं असेल तर

गेल्या काही महिन्यांत आम्ही जे शिकलो आणि डॉक्टरांशी बोलून पक्कं केलं, ते थोडक्यात देते.

१. आधी कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल किंवा कानात मळ असेल, तर सगळी मेहनत फुकट. श्रवणयंत्र असेल, तर त्याचा सेल पाहा.

२. अस्वस्थता अचानक वाढली असेल, तर गाणं लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं, नवं औषध अशी कारणं असू शकतात. अशा रुग्णांना ती सांगता येत नाहीत.

३. भावंडं, जुने शेजारी, शाळेतल्या मैत्रिणी यांना फोन करा. “ती गुणगुणायची ते काय होतं?” एवढाच प्रश्न विचारा. गाण्याचं नावच हवं असं नाही. सिनेमा, सण, शाळेतली प्रार्थना, पाळणा, मंगळागौरीचे खेळ, काहीही चालेल.

४. सुरुवातीला पाच-सहाच गाणी निवडा. प्रत्येक गाणं लावून चेहरा, हात आणि पाय पाहा. पायाचा अंगठा हलला तरी ती दाद आहे.

५. एक वही ठेवा. वेळ, गाणं आणि काय झालं, एवढ्या तीनच गोष्टी लिहा. पंधरा दिवसांत तुमची यादी आपोआप तयार होते.

६. वेळ नेमकी निवडा. अस्वस्थता सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या अर्धा तास आधी. आम्ही साडेचारला लावतो. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. टीव्ही आणि मिक्सर त्या वेळी बंद.

७. शक्य असेल तर स्वतः गा. आवाज कसा आहे, याची चिंता करू नका. आई आजीला अंघोळ घालताना हळू आवाजात तोच गरबा म्हणते. साडी सोडायला आजी पूर्वी विरोध करायची, तो आता बराच कमी झाला आहे.

८. हातात काहीतरी द्या. टाळ, खुळखुळा, स्टीलची वाटी आणि चमचा. ऐकण्यापेक्षा सामील होण्यात जास्त रस असतो.

९. ‘हे कोणतं गाणं, ओळख पाहू’ अशी परीक्षा घेऊ नका. चुकलं की त्यांना लाज वाटते. गाणं हे उत्तर देण्यासाठी नसतं.

प्रशिक्षित माणसाची गरज कधी?

घरी गाणी लावणं आणि संगीतोपचार, म्हणजे म्युझिक थेरपी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या सैनिकांच्या रुग्णालयांत हा पेशा आकाराला आला. प्रशिक्षित थेरपिस्ट आधी रुग्णाची पाहणी करतो आणि उद्दिष्ट ठरवतो. बोलणं वाढवायचं आहे, चालण्याची लय सुधारायची आहे, की भीती कमी करायची आहे? मग त्यानुसार गाणं, वाद्य, हालचाल वापरतो आणि रुग्णाच्या प्रतिसादाप्रमाणे लय जागच्या जागी बदलतो. रेकॉर्डिंगला हे जमत नाही. रुग्ण अजिबात प्रतिसाद देत नसेल, संगीतानं वारंवार बिथरत असेल किंवा घरच्यांची ताकद संपली असेल, तर अशा माणसाची मदत जरूर घ्यावी. आपल्याकडे असे लोक अजून कमी आहेत. म्हणून शिक्षण कुठे झालं आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबरोबर काम केलंय का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते. तिच्या अनेक शहरांत शाखा आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे.

ज्या शहरात १८८६ पासून गायनशाळा आहे, जिथे उस्ताद फैयाज खाँ दरबारगायक होते, त्या बडोद्यात गाणं येणाऱ्या माणसांची कमी नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावबद्दलही तेच म्हणता येईल. आपल्या मंडळांच्या भजनी मंडळातल्या किंवा सुगम संगीताच्या वर्गातल्या दोघा-चौघांनी महिन्यातून दोनदा अशा एखाद्या घरी जाऊन अर्धा तास गायचं ठरवलं, तर त्याला फारसा खर्च नाही. फक्त जाताना आपल्या आवडीची नव्हे, त्यांच्या आवडीची यादी घेऊन जायची.

आईचा चहा

आमच्या वहीत आता आठ महिन्यांच्या नोंदी आहेत. सगळ्या काही आनंदाच्या नाहीत. ‘काही फरक नाही’, ‘झोपली’, ‘रडली, बंद केलं’ असंही बरंच आहे. पिशवी भरून दाराशी उभं राहणं पूर्ण थांबलेलं नाही. पण आठवड्यातले तीन-चार दिवस ती साडेचार ते सव्वापाच शांत असते. त्या पाऊण तासात आई गॅलरीत बसून गरम चहा पिते. आधीची तीन-साडेतीन वर्षं तिनं संध्याकाळचा चहा गारच प्यायला होता.

आजार पुढे सरकतो आहे. नवरात्रात आजी पूर्ण ओळ उचलायची. आता शेवटचा सूर तेवढा येतो आणि उजवा हात मांडीवर पडतो. पुढे तोही थांबेल, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि आम्हालाही ठाऊक आहे.

मावशीआजीचा फोन नसता लागला तर? ती आजीच्या आयुष्यातली शेवटची साक्षीदार होती. बऱ्याच घरांत असा साक्षीदारही उरलेला नसतो. म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. घरात आजी-आजोबा, आई-बाबा यांची स्मृती चांगली असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांची दहा गाणी लिहून घ्या. प्रत्येक गाण्यापुढे ते कुठे, कुणाबरोबर ऐकलं, हेही लिहा. नको असलेलं एखादं गाणं असेल, तर तेही विचारा. जमलं तर त्यांच्याच आवाजात दोन ओळी रेकॉर्ड करून ठेवा.

मी आईला विचारलं. मला वाटलं होतं, ती लताबाईंचं एखादं भावगीत सांगेल. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग हसली आणि म्हणाली, “शोले. पण गाणं नाही. ते माउथ ऑर्गनवर वाजतं ना, ते.”

एक नंबरला तेच लिहिलं आहे.